दप्तर कोणी उघडावे, नोंद कोणी करावी?
बुलढाणा जिल्ह्यातील भूमी अभिलेखांच्या निमित्ताने प्रवेशाधिकाराचा एक अभ्यास

गावाविषयीचे ज्ञान गावातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असतेच. परंतु त्याची रीतसर नोंद झाली, ती नोंद सुरक्षित राहिली आणि गरजेच्या वेळी योग्य व्यक्तीला ती पाहावयास मिळाली, तरच प्रशासनाला आणि नागरिकाला त्याचा खरा उपयोग होतो. जमीन कोणाच्या नावे आहे, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, गावच्या निधीतून कोणत्या कामावर किती खर्च झाला, शाळेच्या पटावर कोणते मूल आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे दप्तरात असतात. ते दप्तर कापडी बस्त्यात बांधलेले असो की संगणकात साठविलेले असो, त्याच्या बाबतीत तीन अधिकारांचा विचार करावाच लागतो. नोंद पाहण्याचा अधिकार कोणाला, नोंद लिहिण्याचा अधिकार कोणाला आणि लिहिलेली नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार कोणाला, हे ते तीन अधिकार होत.

बुलढाणा जिल्ह्याचे १३ तालुके आहेत. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार असो की घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव असो, कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा या दप्तराशी दरवर्षी संबंध येतो. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी त्याला सातबारा हवा असतो. पतीच्या निधनानंतर वारस म्हणून नाव लागावे यासाठी एखादी विधवा चावडीवर येते. अशा वेळी ‘तुमची नोंद दिसत नाही’ किंवा ‘आमच्याकडून उघडत नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्याची किंमत हंगामाच्या हिशेबाने मोजावी लागते. हा अडथळा नेमका कोठे असतो, तो कसा शोधावा आणि तो दूर करताना कोणती मर्यादा ओलांडू नये, याचा विचार या लेखात केला आहे.

जुन्या दप्तराची शिस्त

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला आणि पुढे तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी झाली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताशी जोडला गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. प्रत्येक राजवटीने आपल्या पद्धतीने कागद तयार केले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आल्यानंतर राज्यभर एकच कायदा लागू झाला आणि गावपातळीवरील नमुन्यांना एकसारखे रूप मिळाले. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही, नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि नमुना ८-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण धारण जमिनीचा उतारा, ही नावे आज शेतकऱ्याच्या बोलण्यातही रुळलेली आहेत.

या व्यवस्थेचा गाभा असा की, लिहिणारा हात आणि प्रमाणित करणारा हात वेगळा ठेवण्यात आला. हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे संहितेच्या कलम १४९ मध्ये सांगितले आहे. कलम १५० प्रमाणे तलाठी ती नोंद फेरफार नोंदवहीत घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना सूचना देतो. हरकतीसाठी १५ दिवसांचा अवधी असतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. न आल्यास मंडळ अधिकारी खातरजमा करून नोंद प्रमाणित करतो. कलम १५७ अन्वये अशी प्रमाणित नोंद, तिच्या विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. कायद्याने तिच्यावर एवढा विश्वास टाकला आहे, म्हणूनच ती कोणाच्या हातून झाली हे निश्चित असणे अत्यावश्यक ठरते.

पाहण्याच्या अधिकाराच्या बाबतीत मात्र कायद्याची दृष्टी उदार आहे. कलम ३२७ प्रमाणे, विहित नियम व शुल्क यांच्या अधीन राहून, नकाशे व भूमी अभिलेख कार्यालयीन वेळेत जनतेला पाहण्यास खुले असतात आणि त्यांच्या प्रमाणित प्रती अर्जदाराला मिळतात. लिहिण्याचे दार अरुंद असावे आणि पाहण्याचे दार रुंद असावे, हे सूत्र त्यामागे आहे.

संगणकाने काय बदलले?

ई-फेरफार प्रणाली आल्यानंतर हीच शिस्त संगणकात उतरली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी झालेल्या दस्ताची माहिती संगणकाद्वारे गावाच्या फेरफारापर्यंत पोहोचू लागली. तलाठी, ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, फेरफार घेतो. मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. तालुका पातळीवर कामकाजाचे नियंत्रण होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा नागरिकाला संगणकावरून मिळण्याची सोय झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करण्याचे काम स्वतः शेतकऱ्याकडे आले. म्हणजेच लिहिण्याच्या अधिकाराचा एक भाग प्रथमच खातेदाराच्या हाती देण्यात आला.

पूर्वी बस्त्याची गाठ सोडता येत होती की नाही, एवढाच प्रश्न असे. आता संगणकाच्या दारावर एकामागून एक अनेक पडताळण्या होतात आणि त्यांपैकी एकही अपुरी राहिली तरी दार उघडत नाही. पडद्यावर दिसणारा संदेश बहुधा एकाच ओळीचा असतो. त्यावरून कोणती पडताळणी फसली हे नेहमीच समजत नाही. म्हणून शोध क्रमाने घ्यावा लागतो.

अडथळा शोधण्याचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न ओळखीचा. समोरची व्यक्ती ती स्वतःच आहे, हे यंत्रणेला पटले आहे काय? परवलीचा शब्द म्हणजेच पासवर्ड चुकला, त्याची मुदत संपली, बोटाचा ठसा उमटला नाही, भ्रमणध्वनीचा क्रमांक बदलल्यामुळे एकवार संकेतांक जुन्याच क्रमांकावर गेला, अशी कारणे येथे आढळतात. शेतकऱ्याच्या बाबतीत आधार पत्रावरील नाव आणि सातबारावरील नाव यांत फरक असणे हे नेहमीचे कारण आहे. एका कागदावर वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्यावर केवळ आद्याक्षर. एका ठिकाणी घरातील रूढ नाव, तर दुसऱ्या ठिकाणी शाळेतील नाव. अशा वेळी अधिकार असूनही माणूस अनोळखी ठरतो.

दुसरा प्रश्न भूमिकेचा. ओळख पटली, परंतु त्या व्यक्तीला जे काम करावयाचे आहे ते तिच्या पदाला नेमून दिलेले आहे काय? नोंद घेणाऱ्याला ती प्रमाणित करता येत नाही, ही यंत्रणेतील उणीव समजू नये. तीच तिची शिस्त आहे. एखाद्या अव्वल कारकुनाकडे तात्पुरता मंडळ अधिकाऱ्याचा कार्यभार दिला गेला, परंतु संगणकात त्याची भूमिका जुनीच राहिली, तर कागदी आदेश हाती असूनही दार उघडणार नाही.

तिसरा प्रश्न कार्यक्षेत्राचा. पद योग्य आहे, पण हे गाव त्या पदाला जोडलेले आहे काय? समजा, मोताळा तालुक्यातील एका सज्जाचा ग्राम महसूल अधिकारी बदलीने संग्रामपूर तालुक्यात गेला. नव्या सज्जाची गावे त्याच्या खात्याला जोडली गेली नाहीत, तर तो तेथे रुजू होऊनही काम करू शकणार नाही. उलट, जुन्या सज्जाची गावे त्याच्या खात्यावर तशीच राहिली, तर जेथे त्याची नेमणूक नाही तेथेही त्याला लिहिता येईल. पहिल्या प्रकारात तक्रार येते, म्हणून तो लवकर लक्षात येतो. दुसऱ्या प्रकाराची तक्रार कोणीही करीत नाही. म्हणून तो अधिक धोक्याचा असतो.

चौथा प्रश्न नोंदीच्या स्थितीचा. माणूस योग्य, पद योग्य, गावही योग्य. परंतु ती नोंदच काही कारणाने थांबलेली आहे काय? त्या गटावर एखादा फेरफार प्रलंबित असेल, हरकत आलेली असेल, खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नसेल किंवा उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी व्हावयाची राहिली असेल, तर अडचण प्रवेशाधिकाराची नसते. अशा वेळी पासवर्ड बदलून काहीही साधत नाही. नोंदीवरील अपुरे काम पूर्ण करावे लागते.

पाचवा प्रश्न साधनाचा. डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण संगणकाने ओळखले आहे काय, तिच्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक आहे काय, गावात त्या वेळी इंटरनेटची जोडणी आहे काय? हा प्रश्न शेवटचा ठेवला असला तरी त्याची तपासणी सर्वांत सोपी आहे. दुसऱ्या संगणकावर तेच काम करून पाहिले की उत्तर मिळते.

तुलनेने निदान

वरील पाचांपैकी कोणता प्रश्न लागू आहे, हे अंदाजाने ठरवू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. तोच अधिकारी दुसऱ्या गावाची नोंद उघडू शकतो काय? उघडू शकत असेल तर त्याची ओळख आणि साधन ठीक आहे. दोष कार्यक्षेत्राचा किंवा त्या नोंदीचा आहे. त्याच गावातील दुसऱ्या गटाची नोंद उघडते काय? उघडत असेल तर कार्यक्षेत्रही ठीक आहे. दोष त्या एका नोंदीपुरता आहे. तीच नोंद अधिकार असलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याला आपल्या स्वतःच्या खात्यातून दिसते काय? दिसत असेल तर नोंद सुस्थितीत आहे. दोष पहिल्या खात्याच्या बाजूस शोधावा. कालपर्यंत चालत होते आणि आज थांबले, असे असेल तर मधल्या काळात काय बदलले हे पाहावे. बदली, निवृत्ती, पदोन्नती, गावाचे विभाजन किंवा प्रमाणपत्राची मुदत संपणे, यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते.

वरिष्ठ कार्यालयाला कळविताना ‘यंत्रणा चालत नाही’ एवढेच लिहिण्याने वेळ जातो. कोणत्या पदावरून, कोणत्या गावाच्या कोणत्या गटावर, कोणते काम करताना, कोणत्या दिवशी व किती वाजता आणि कोणत्या शब्दांत संदेश आला, तसेच कोणती तुलना करून पाहिली, एवढा तपशील दिल्यास दुरुस्ती करणाऱ्याला थेट कामाला लागता येते. पासवर्ड मात्र अशा पत्रात कधीही लिहू नये.

ग्रामपंचायत आणि शाळा

हीच पद्धत अन्य दप्तरांनाही लागू पडते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत ग्रामपंचायतीचे देयक अदा करताना दोन हातांची गरज असते. ग्रामसेवक, म्हणजेच आताचा ग्रामपंचायत अधिकारी, देयक तयार करतो आणि सरपंच त्याला डिजिटल स्वाक्षरीने मान्यता देतो. निवडणुकीनंतर नवा सरपंच पदावर आला, परंतु जुन्या सरपंचाची स्वाक्षरी रद्द करून नव्याची नोंद झाली नाही, तर बँकेत निधी असूनही गावच्या नळयोजनेच्या दुरुस्तीचे देयक अडून राहते. येथे दोष भूमिकेचा आहे. माजी सरपंचाचे उपकरण मागून आणून काम भागविणे हा त्यावरील उपाय नव्हे. पद गेले की स्वाक्षरीचा अधिकारही गेला, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावे.

शाळेच्या बाबतीत मुख्याध्यापकांना वेगळा अनुभव येतो. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मूल नव्या शाळेत प्रत्यक्ष बसलेले असते. परंतु यू-डायस प्लस प्रणालीत त्याची नोंद जुन्या शाळेकडेच असते. जुन्या शाळेने ती सोडल्याखेरीज नव्या शाळेला ती घेता येत नाही. मुख्याध्यापकांना वाटते की आपल्या लॉगिनमध्ये बिघाड आहे. वस्तुतः तो चौथा प्रश्न, नोंदीच्या स्थितीचा असतो. त्यावर घाईने मुलाची नवीन नोंद केली तर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात आणि पुढील प्रत्येक वर्षी गोंधळ वाढत जातो. जुन्या शाळेशी किंवा गट शिक्षण कार्यालयाशी संपर्क साधणे हाच खरा मार्ग होय.

उसनी किल्ली

अडथळ्यावरील सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे दुसऱ्याची किल्ली उसनी घेणे. कामाचा ताण असतो, लोक दाराशी उभे असतात आणि सहकाऱ्यावर विश्वास असतो. म्हणून पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला जातो, स्वाक्षरीचे उपकरण खासगी मदतनिसाच्या संगणकाला लावून ठेवले जाते. काम त्या दिवसापुरते निभावते. परंतु पुढे एखाद्या नोंदीवर वाद निर्माण झाला, तर यंत्रणा ज्याची किल्ली त्याचेच नाव सांगते. ज्याने नोंद केली तो सुटतो आणि ज्याने विश्वास ठेवला तो चौकशीत सापडतो. शेतकऱ्याची हानी याहून मोठी असते, कारण त्याच्या जमिनीवरील चुकीची नोंद कायद्याने खरी मानली जाते आणि ती खोटी ठरविण्याचा भार त्याच्यावर येतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-क हे २००८ च्या सुधारणेने आले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा तत्सम ओळखचिन्ह लबाडीने अथवा अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कायद्याचा धाक असतोच. तथापि कार्यालयाने उसनवारीची वेळच येऊ न देणे अधिक हिताचे. रजेच्या काळात पर्यायी अधिकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने, ठरावीक मुदतीपुरता अधिकार दिला, तर किल्ली हातोहात फिरत नाही.

नागरिकाच्या बाजूने

नागरिकाला ‘मिळत नाही’ असे उत्तर मिळते तेव्हा त्याचे तीन वेगळे अर्थ असू शकतात. कागद त्या कार्यालयात नसेल, कागद असेल पण दुसऱ्या नावाने किंवा क्रमांकाने ठेवलेला असेल, अथवा कागद देण्यास नकार असेल. प्रत्येकाचा मार्ग निराळा आहे.

फेरफार आणि सातबारा महसूल यंत्रणेकडे, मोजणीचे नकाशे उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे आणि खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे असते. एकाकडील कागद दुसऱ्याकडे मागितला तर नकार मिळणारच. शिवाय एकत्रीकरण योजनेनंतर अनेक गावांत सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. आजच्या गट क्रमांकाने एकत्रीकरणापूर्वीचा फेरफार शोधला तर तो सापडत नाही. जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ घालणारा उतारा आधी मिळवावा लागतो. त्याहून जुने कागद मोडी लिपीत असतील, तर कागद हाती येऊनही तो वाचणारा माणूस शोधावा लागतो. केवळ दार उघडल्याने ज्ञान मिळते असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

नोंदीत लेखनप्रमाद असेल तर संहितेच्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. मात्र मालकीचा वाद लेखनप्रमाद म्हणून दुरुस्त करून घेता येत नाही. नकार मिळाला असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे अर्ज करावा. माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावयाचे असते. उत्तर न मिळाल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास ३० दिवसांच्या आत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल, तर तेवढा वगळून उरलेला भाग देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. पहिला कायदा माहिती मिळविण्यासाठी, तर दुसरा काम वेळेवर होण्यासाठी आहे, हा फरक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवल्यास नागरिकांचे पुष्कळ हेलपाटे वाचतील.

नित्याची काळजी

अडथळे येण्यापूर्वीच ते टाळण्याची काही साधी कामे प्रत्येक कार्यालयाला करता येतील. बदलीच्या आदेशाबरोबरच जुने अधिकार काढण्याची व नवे देण्याची नोंद व्हावी. कार्यभार सोपविण्याच्या यादीत दप्तर, शिक्के व किल्ल्या यांच्या जोडीला लॉगिन आणि डिजिटल स्वाक्षरी यांचाही उल्लेख असावा. कोणत्या खात्याला कोणती गावे व कोणती भूमिका जोडलेली आहे याची यादी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष नेमणुकीशी ताडून पाहावी. निवृत्त किंवा बदलून गेलेल्यांची खाती त्या यादीत आढळली तर ती त्याच दिवशी बंद करावीत. स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी पुरेसे दिवस नूतनीकरण करून घ्यावे. पेरणीच्या आठवड्यात ती संपली असे होऊ नये.

प्रत्येकाला त्याच्या कामापुरता अधिकार असावा, त्याहून कमी नसावा आणि अधिकही नसावा, हे या सर्व विवेचनाचे सार आहे. कमी पडला तर शेतकरी चावडीच्या दारात ताटकळत राहतो. जास्त झाला तर त्याच्या जमिनीवर कोणाचा हात फिरला हे त्याला समजतही नाही. महसूल कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी आपापल्या दप्तराच्या बाबतीत पाहणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची आणि प्रमाणित करणाऱ्यांची अशा तीन याद्या आज करून पाहिल्या, तर पुढच्या खरीप हंगामातील बऱ्याच तक्रारींचे मूळ त्यांना त्या याद्यांतच सापडेल.